कुंभारणीच्या बंद खोल्या

‘मीटरच्या खोक्यात मातीचं घर केलंय, चावेल का हो?’ कीटकांचा अभ्यास करणारा माणूस पनवेलमध्ये राहतो म्हटल्यावर शेजारीपाजारी दुसरं काय विचारणार! माझं उत्तर ठरलेलं असतं. कुंभारीण एकटी राहते. गांधीलमाश्यांसारखं तिला पोळं राखायचं नसतं, म्हणून ती अंगावर धावून येत नाही. मुठीत दाबलीत, तरच डंख बसेल. तिची नांगी आहे ती कोळ्यांसाठी.

आपल्याकडे नेहमी दिसते ती स्केलिफ्रॉन मद्रासपटनम. काळी-पिवळी, लांब बारीक कंबरेची. गाढी नदीच्या काठचा चिखल असो की नळाखालचा, मादी जबड्यांनी त्याची गोळी करते आणि भिंतीवर आणून लिंपते. लिंपताना गुणगुणाट ऐकू येतो. त्या कंपनांनी माती सैल होऊन नीट बसते. नर या कामात कुठेच नसतो.

खोली उभी राहिली की शिकार. जाळ्यातला, फुलावर दबा धरलेला, भिंतीवर उड्या मारणारा, कोळी सापडला की नांगी. डंखाने कोळी मरत नाही, लुळा पडतो. सारी मेख इथेच आहे. मेलेला कोळी आपल्या दमट हवेत लगेच कुजेल. लुळा कितीतरी दिवस ताजा राहतो. असे कोळी खोलीत ठासायचे, एकावर अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि पुढची खोली बांधायला घ्यायची. अळी कोळी खाते, कोष विणते आणि माशी होऊन माती कुरतडत बाहेर येते. अंडं फलित असेल तर मादी, नसेल तर नर. ती निवडही आईच्याच हाती. स्वतः आई मात्र मकरंदावर जगते.

अवधूताच्या चोवीस गुरूंत कुंभारीणही आहे. कोंडलेला किडा भीतीने तिचंच ध्यान करता करता तिच्यासारखा होतो, हा दृष्टान्त काशीत १५७३ साली पुऱ्या झालेल्या एकनाथी भागवतातून घरोघरी पोचला. अळ्या कोंडणारी कुंभारीण निराळी, सुगडासारखं मडकं घडवणारी. पण मला या निरीक्षणाचं कौतुकच वाटतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली, इतकं अगदी बरोबर टिपलं होतं. जेवण तेवढं बंद दाराआड झालं.

या मातकामाला हसू नये. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण गेले. वेग मोजणारी पिटो नळी समुद्रातून हाती लागली नाही, पण ती अशाच घरट्याने बुजली असावी, असा तपासाचा कयास होता. २०१३ मध्ये ब्रिस्बेनला विमान सुमारे दोन तासच जमिनीवर होतं, तेवढ्यात नळीत माती भरली. आता पनवेल तालुक्यातच विमानतळ झालाय, आणि इथे चिखलाला तोटा नाही, कोळ्यांनाही. उभ्या विमानाच्या नळ्यांना टोप्या घालतात, त्या उगाच नव्हे.

तुमच्या घरातलं घरटं सॉकेटमध्ये नसेल तर राहू द्या. सगळ्या खोल्यांना गोल भोकं पडली की पिल्लं उडाली असं समजा. पण एखादं भोक पुन्हा लिंपलेलं दिसलं, तर निळी चकचकीत कॅलिबिऑन ही दुसरी कुंभारीण तिथे बिऱ्हाडाला आली असेल. मग खरवडायची घाई करू नका.