कागद गाडीत गेले!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’ ऑफिसात कुणी ‘तू मूळचा कुठला?’ असं विचारलं, की मी आधी ही ओळ फेकतो. लोक हसतात आणि मग विचारतात, ‘म्हणजे नांदेडजवळ ना?’ हो, जवळच म्हणा. मनमाडहून सिकंदराबादकडं जाणाऱ्या लाइनवर सेलू, मानवत रोड मागं पडलं की परभणी जंक्शन. इथून एक फाटा परळीला जातो. त्याच फाट्यावर, गोदावरीच्या काठी, गंगाखेड. संत जनाबाईंचं गाव आणि माझं आजोळ.

मुंबईत नोकरी लागल्यापासून माझं परभणीला जाणं वर्षातून एकदा, दिवाळीत. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये आडवं व्हायचं आणि सकाळी कापूस-तुरीच्या शेतांत डोळे उघडायचे. झक्कास फंडा! गेल्या हिवाळ्यात मात्र ही ट्रिप मी जनरल डब्यात उभ्यानं केली.

झालं असं की मामा पंधरा दिवस माझ्याकडं राहून गावी निघाले होते. तिकीट मीच काढलं होतं, मोबाइलवरून, मीटिंग चालू असताना. सकाळी परभणी आली. गाडी फार थांबत नाही म्हणून मामा आधीच दारात येऊन उभे राहिले. फलाटावर शिरताना गाडीला झटका बसला, हात सुटला आणि ते खाली पडले. मोबाइल रुळांत गेला. बॅग सीटवरच राहिली आणि गाडीबरोबर पुढं नांदेडकडं गेली. तिकिटाची प्रिंट, आधार कार्ड, सगळं त्या बॅगेत!

मामी त्यांना घ्यायला स्टेशनवर आली होती. तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. ‘लेकरा, तुझे मामा पडले रे. मांडीचं हाड मोडलंय. दवाखान्यात इन्शुरन्सचं विचारायलेत. कागद मागायलेत.’

‘मग?’

‘मग काय? कागद गाडीत गेले!’

45 पैशांचा प्रश्न

इन्शुरन्स? मामांचा कुठला आलाय इन्शुरन्स? पण रात्री, दाराजवळ एका पायावर उभा असताना मला ती चौकट आठवली. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना, पैसे भरायच्या आधी, एक प्रश्न येतो : प्रवास विमा हवा का? सप्टेंबर 2016 मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा हप्ता होता 92 पैसे. मध्यंतरी काही काळ तो फुकट होता. आता माणशी 45 पैसे. त्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 10 लाख, अंशतः कायमचं अपंगत्व असेल तर साडेसात लाख आणि हॉस्पिटलच्या खर्चासाठी 2 लाखांपर्यंतची रक्कम. रेल्वे अपघातच व्हायला हवा असं नाही, चालत्या गाडीतून चुकून पडणंही यात येतं.

प्रश्न एवढाच, की मी ‘हो’वर टिक केली होती का? खरं सांगतो, आठवेना! कॉफीवर अडीचशे रुपये उडवणारा माणूस 45 पैशांचं काय लक्षात ठेवणार? विमा कंपनीचा एसएमएस येतो तो तिकीट काढताना दिलेल्या नंबरवर. नंबर माझा होता. पण मोबाइलची मेमरी भरली म्हणून मी शेकडो मेसेज एका फटक्यात उडवले होते. ई-मेल म्हणावी तर ती गेली कॉलेजच्या काळातल्या जुन्या आयडीवर, ज्याचा पासवर्डच मला आठवत नव्हता. आणि गंमत बघा, माझ्या हातात होतं खिडकीवरचं जनरल तिकीट. त्याला हा विमा नाहीच. तो फक्त ई-तिकिटाला, तेही कन्फर्म किंवा आरएसी असेल तरच.

युरोपच्या ट्रिपला व्हिसासाठी 30 हजार युरोचा विमा लागतो. त्याच्या मी तीन प्रिंट काढल्या होत्या. एक बॅगेत, एक पाकिटात, एक आईकडं. परभणीच्या तिकिटाची एकही नाही!

सापडला नंबर!

मनमाड गेल्यावर टेकायला जागा मिळाली, पण मोबाइलची रेंज काही मिळेना. सकाळी परभणी स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर रेंज आली. आयआरसीटीसीत लॉग-इन केलं, आधी काढलेल्या तिकिटांची यादी उघडली आणि मामांच्या तिकिटावर बोट ठेवलं. खाली पॉलिसी नंबर होता! म्हणजे टिक केली होती. मी त्या टपरीवाल्याला दुसऱ्या चहाचेही पैसे देऊन टाकले, प्यायलो मात्र एकच.

पॉलिसी हाती आली. पण मामा त्या गाडीत होते आणि गाडीतूनच पडले, हे कसं दाखवायचं? सुदैवानं कागद फक्त आपल्याच बॅगेत नसतात. रिझर्वेशन चार्टवर नाव असतं. माणूस पडला की स्टेशनात आणि लोहमार्ग पोलिसांकडं नोंद होते. दवाखान्याच्या केसपेपरवर तारीख आणि वेळ असते. विमा कंपनीला रेल्वेचा अहवाल लागतोच. दोन दिवस मी स्टेशन, दवाखाना आणि झेरॉक्सचं दुकान एवढ्याच फेऱ्या मारल्या. परभणीत पहिल्यांदाच मी कुणाच्या घरी जेवायला न जाता राहिलो.

त्याच झेरॉक्सच्या दुकानात एक वकीलकाका भेटले. ते म्हणाले, ‘विमा वेगळा आणि रेल्वेची नुकसानभरपाई वेगळी, गल्लत करू नका.’ भरपाईसाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडं जावं लागतं. मृत्यू झाला तर 1 जानेवारी 2017 पासून ती 8 लाख आहे. आणि जखमी किंवा मृत माणसाजवळ तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलंय. कुटुंबानं सगळी हकिकत प्रतिज्ञापत्रावर द्यायची, मग ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर जाते. मामी हे सगळं कान देऊन ऐकत होती. तिनं एकच विचारलं, ‘आणि मी स्टेशनवर आलेच नसते तर? तुम्हाला कुणी सांगितलं असतं?’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिकीट काढलं की वारसाचं नाव भरायची एक लिंक येते. ती मी उघडलीच नव्हती. नाव भरलं नाही की रक्कम कायदेशीर वारसांना मिळते. म्हणजे वेळ वाईट असती तर मामीला आधी आपण कोण, हेच कागदांवर सिद्ध करत बसावं लागलं असतं.

डब्यातली चिठ्ठी

ऑपरेशन झालं. बिल आधी आम्हीच भरलं, मग क्लेम केला. काही महिन्यांनी पैसे आले. सगळे नाहीत, पण मोठा भार हलका झाला. मामा आता काठी घेऊन गोदाकाठापर्यंत जातात.

आपल्यासारखी हजारो पोरं पुण्या-मुंबईत बसून गावाकडच्या माणसांची तिकिटं काढतात. तिकीट त्यांचं, पण अकाउंट आपलं. एसएमएस आपल्याला आणि ई-मेलही आपल्यालाच. प्रवास करणाऱ्याला आपला विमा आहे, हेच ठाऊक नसतं! म्हणून आता मी तीन गोष्टी करतो. टिक केली की वारसाचं नाव लगेच भरतो. तिकीट आणि पॉलिसी नंबरचा फोटो जाणाऱ्याला आणि घरी राहणाऱ्याला, दोघांनाही पाठवतो. आणि तिकीट काढताना मीटिंगमध्ये बसत नाही.

मामीचा मात्र फोटोवर भरवसा नाही. परवा फोनवर तिनं मला नंबर सावकाश सांगायला लावला, एकेक आकडा परत म्हणून दाखवला आणि चिठ्ठी हळदीच्या डब्याखाली ठेवली.

‘मोबाइल बी गाडीतून पडतो, लेकरा,’ ती म्हणाली.