उजनीकांठची गर्दी

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें भिगवण व पळसदेव मागें टाकलें कीं इंदापूर येण्यापूर्वीं लोणी देवकर लागतें. औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या शेडी, ऊंस, आणि पलीकडे उजनी धरणाच्या फुगवट्याचें पाणी. प्रवासवर्णन लिहावें असें येथें कांहीं नाहीं, असें आमचें मत होतें. आमच्या भगिनीचे यजमान वसाहतींत नोकरीस आहेत व उन्हाळ्यांत आम्ही त्यांच्याकडे चार दिवस काढतों, एवढाच आमचा या गांवाशीं संबंध. २०२४ च्या मे महिन्यांत मात्र येथें आमच्या हातून एक नवाच उद्योग घडला. दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधाच्या एका मालिकेंत आम्ही गर्दी झालों!

मंडळी मुंबईची. कथेंत तळ्याकांठीं एक प्रेत सांपडतें व खेड्यांतील लोक त्याभोंवतीं जमतात. मुंबईंत असें काम ज्युनिअर आर्टिस्ट करतात. त्यांच्या रीतसर संघटना आहेत. येथें मात्र जो रिकामा तो कलावंत! माणसें जमवणारा कोऑर्डिनेटर लोणींत आला तेव्हां भाऊजींनीं आमचें नांव परस्पर सांगून टाकलें. "अहो, तुम्हांला करायचं काय आहे? नुसतं उभं राहायचं!" असें ते वर म्हणाले.

मराठी घरांना हा प्रकार अपरिचित नाहीं. दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' ही पोलिसी मालिका कित्येकांच्या स्मरणांत असेल. तींत काम करणारे श्री. शिवाजी साटम पुढें 'सी.आय.डी.' या हिंदी मालिकेंत प्रद्युम्न झाले. १९९८ च्या जानेवारींत सुरू झालेली ती मालिका २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली. इतक्या भागांत किती प्रेतें सांपडलीं असतील, आणि प्रत्येकाभोंवतीं कोणी ना कोणी उभें असेलच. त्या उभ्या राहणारांचा विचार आम्हीं कधींच केला नव्हता.

सकाळीं सहाला टेंपोंतून आम्हां तीसएक जणांस पळसदेवच्या कांठीं नेण्यांत आलें. पांढरे किंवा मोठ्या अक्षरांचे कपडे नकोत, अशी आज्ञा होती. नंतर चार तास कांहींच झालें नाहीं. स्पॉटदादा चहा देई, आम्ही पीत असूं. दहाच्या सुमारास आम्हांस 'पासिंग' शिकविलें, म्हणजे पोलीस अधिकारी बोलत असतां त्याच्या पाठीमागून सहज चालत जावयाचें. वाचकहो, सहज चालणें किती कठीण! कॅमेऱ्याकडे पाहूं नका म्हटलें कीं मान तिकडेच वळते. आपसांत कुजबुज करावयाची ती ओठ हलवून, आवाज न करतां. आवाज मागाहून भरतात. शिवाय पहिल्या खेपेस पिशवी डाव्या हातीं असेल तर सातव्या खेपेसहि ती डाव्याच हातीं हवी. आम्हीं ती एकदां उजव्या हातीं घेतली आणि तिसांच्या तीस माणसांना पुन्हा चालावें लागलें. प्रेत म्हणून निजलेला तरुण तेवढ्यांत उठून पाणी पिऊन आला.

आमच्यांत भाऊजींच्या घरमालकांचे वडील होते. त्यांस सारे तात्या म्हणतात. वय ऐंशीच्या घरांत. सर्वांनीं धांवत यावें व प्रेताकडे भयानें पाहावें, असा प्रसंग होता. तात्या धांवले नाहींत हें क्षम्य ठरलें. पण ते पाहत होते ते भलतीकडेच. दिग्दर्शकाची साहाय्यक, एक तरुण मुलगी, दोनदां येऊन सांगून गेली. तिसऱ्या खेपेस म्हणाली, "आजोबा, प्रेताकडे बघा ना!"

"बाई, त्यो काय मेल्याला न्हाई. मगाशी माझ्याशेजारी बसून च्या प्याला."

सगळे हंसले. तीहि हंसली. "मग तिकडे काय आहे?"

"आमचं घर व्हतं. देवळाच्या अंगाला."

तेथें सांगण्यासारखें आहे तें हें. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. तत्पूर्वींच जुनें पळसदेव उठून वर रस्त्याकडे आलें; पळसनाथाचें जुनें देऊळ मात्र जागच्या जागीं बुडालें. धरणाच्या सुमारें ११७ टीएमसी पाण्यांतील अर्ध्याहून अधिक, सुमारें ६३ टीएमसी, 'मृतसाठा' म्हणून गणलें जातें. एखाद्या वर्षीं त्यालाहि ओहोटी लागते आणि देऊळ वर येतें. त्या उन्हाळ्यांत तें असें आलें होतें. गाळानें माखलेले दगड, वर शिखर, आणि भोंवतीं भेगाळलेली जमीन. घर असें तेथें कांहीं आम्हांस दिसेना. तात्यांस बहुधा दिसत असावें.

ती मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें कॅमेऱ्यापाशीं जाऊन विचारलें, आणि तात्यांस रांगेच्या टोकास, पाठमोरें उभें केलें. पुढच्या साऱ्या खेपा त्यांनीं अचूक दिल्या.

संध्याकाळीं पाकिटें वांटलीं तेव्हां तात्यांना हुडकावें लागलें. ते पैशांसाठीं आलेच नव्हते. टेंपो पळसदेवास जातो एवढें ऐकून चढले होते.

तो भाग ऑगस्टांत दिसला. तोंपर्यंत उजनी भरली होती आणि देऊळ पुनः पाण्याखालीं गेलें होतें. आम्हीं पुण्यास सहकुटुंब पाहिला. गांवाचें नांव दुसरेंच कांहीं सांगितलें होतें. आमचा एक खांदा व पिशवी (डाव्या हातीं) आमच्या मुलीनें ओळखली. नंतर तीस माणसें प्रेताकडे धांवलीं, आणि टोकास एक पाठ, डोक्यास मुंडासें. तिच्या पलीकडे एक करडा डाग. कॅमेऱ्याचें सारें लक्ष प्रेताकडे होतें.

अर्ध्या तासानें भगिनीचा फोन आला. त्यांच्याकडे वीज गेल्यामुळें कोणी कांहीं पाहिलें नव्हतें. तात्या शेजारीं येऊन बसले होते.

"देऊळ दिसलं का?" त्यांनीं विचारलें.

"दिसलं," आम्ही म्हणालों.

"शिखर धरून?"

"होय तात्या, शिखर धरून."