बिनच्या मागे बिन

आमच्या जासईत वंशावळ हा निवृत्तांचा छंद कधीच नव्हता. ती लागायची साडेबारा टक्क्यांसाठी. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, भातशेती न् मिठागरं संपादनात गेली, जानेवारी 1984 च्या आंदोलनातल्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि आमच्याच गावच्या दि. बा. पाटलांनी उभ्या केलेल्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला, तेव्हा घरोघरी पणज्याचं नाव शोधायची घाई उडाली. मी नुकताच बी.ए. झालेला, खिशाला पेन लावून मिरवणारा, म्हणून चावडीत मलाच पुढे ढकलत. तलाठ्याचं कपाट करकरलं की लाल कापडातल्या गठ्ठ्यांतून डांबरगोळ्या, वाळवी आणि पावसाळी ओल यांचा वास अंगावर यायचा, पान उलटावं तर भाजक्या पापडासारखा कोपरा हातात, आणि शाईतली ती रांग, अमका बिन तमका, बिनच्या मागे बिन, मी कीर्तनकाराच्या ठसक्यात वाचून दाखवायचो.

खरं दप्तर मात्र शेजारच्या ओटीवर सोडे निवडत बसलेलं असायचं. “कोनाचा रं पोर तू?” एवढं विचारून ती म्हातारी हात न थांबवता चार पिढ्या म्हणायची, टोपणनावांसकट.

आता भाचा नवीन पनवेलच्या फ्लॅटमधून हे सगळं स्क्रीनवर धुंडाळतो. 1882 च्या गॅझेटिअरात आमचा मुलूख ठाण्याच्या खंडात निघाला, कारण पनवेल-उरण कुलाब्यात गेलं 1883 साली, आणि कुलाब्याचा रायगड झाला 1981 मध्ये. शोधणाऱ्याने तिन्ही दारं ठोठावायची. गॅझेटिअरात उरणची मिठागरं आहेत, दारूच्या भट्ट्या आहेत. मीठ ओढणारे आमचे पणजे नाहीत. मुंबईच्या जुन्या टाइम्स डिरेक्टऱ्यांत तर सॉलिसिटर, व्यापारी, साहेबलोक. आमच्यासारख्या आगऱ्याचं नाव उमटायचं ते फेरफारातच, बहुधा कुणी मेल्यावर. तेही आता स्कॅन होऊ लागलेत, अक्षर बोटांनी मोठं करता येतं, शिंका येत नाहीत, चहापाण्याचे पैसे वाचतात. मला याचं वाईट वाटावं असं अधूनमधून वाटतं, पण वाटत नाही.

परवा भाच्याने तसाच एक फेरफार पाठवला. वारस म्हणून भाऊ तेवढे लागलेले, बहिणीचा पत्ताच नाही. ओटीवरच्या म्हातारीने ती बहीण कुठल्या गावी दिली आणि तिच्या हळदीत कोण रुसलं, दोन्ही सांगितलं असतं.