काळ्या कापडाचा साडी गार्ड

भाताची मूद सुबक पडते ती वाटीच्या आकारामुळे. वाटी तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असते, म्हणून उलटी केली की मूद अलगद सुटते. सरळ उभ्या भिंतींच्या डब्यात भात दाबून भरा आणि मग तो अखंड बाहेर काढून दाखवा! घरच्या घरी कार्बन फायबरच्या वस्तू करू पाहणाऱ्यांना पहिला धडा नेमका हाच शिकावा लागतो. बहुतेकांना तो एखादा साचा फोडल्यावरच उमगतो.

कार्बन फायबर म्हटले की आपल्याला विमान आठवते, नाहीतर शर्यतीची मोटार. ते बरोबरही आहे. १९८१ साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी उतरवली आणि हे काळे कापड जगभर गाजले. बडोद्याच्या एका मराठी घरात मात्र ते आले साडीपायी.

घरातल्या आईंना मणक्याच्या दुखण्यानंतर व्हीलचेअर घ्यावी लागली. खुर्ची ॲल्युमिनियमची, हलकी, चांगली. पण तिच्या बाजूच्या पाट्या आखूड होत्या. पाटी आणि चाक यांच्यामधल्या फटीतून साडीचा काठ आत जाई आणि आऱ्यांत गुंडाळला जाई. दोनदा साडी फाटली, तिसऱ्यांदा चाक एकदम अडले आणि आई पुढे झुकून पडता पडता वाचल्या. नातेवाइकांनी सोपा उपाय सुचवला: आता गाऊन घाला. आईंनी तो ऐकूनच घेतला नाही. ‘‘पाय गेले म्हणून साडी पण सोडू?’’ एवढेच त्या म्हणाल्या.

आपल्याकडे मोटारसायकलला साडी गार्ड असतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकला जावा, असे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच म्हटले आहे. ही व्हीलचेअर घडवणाऱ्यापुढे बहुधा पँट घातलेला माणूस बसला असावा. बाजारात त्या खुर्चीला बसेल अशी वेगळी पाटी मिळेना. एकाच खुर्चीसाठी दोनच पाट्या कोण करून देणार?

मुलगा बँकेत नोकरीला, पण सुट्टीत विमानांच्या प्रतिकृती उडवण्याचा त्याला नाद. त्यामुळे रेझिन आणि कापड यांची थोडी ओळख होती. आधी त्याने पत्रा लावून पाहिला. एका बाजूला सुमारे ६०० ग्रॅम वजन आणि कड धारदार. ॲक्रिलिकची पाटी पहिल्याच ठोकरीला तडकली. ग्लास फायबर स्वस्त पडले असते, आणि खरे तर घरगुती कामांपैकी निम्म्याहून अधिक कामांना तेच पुरते. पुष्कळ हौशी मंडळी कार्बन वापरतात ते निव्वळ दिसण्यासाठी. इथे मात्र चौकट आणि चाक यांच्यामध्ये दीड मिलिमीटरहून जाड काही मावत नव्हते. एवढ्या पातळपणात न लवणारी पाटी हवी, तर कार्बनच बरा.

हे कापड मुळात आपल्या ओळखीचेच म्हणायला हवे. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर ज्या जातीच्या धाग्याची, त्याच जातीचा धागा आधी हवेत भाजतात आणि मग प्राणवायू न लागू देता हजार अंशांच्या वर तापवतात. मागे उरतो जवळजवळ निव्वळ कार्बन. एकेक तंतू सुमारे ७ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. असे ३,००० तंतू एकत्र करून एक पेड, आणि त्या पेडांचे विणलेले कापड. ते हातात घेतले तर रेशमासारखे मऊ आणि सुळसुळीत लागते. त्याला ताठपणे आकारात धरून ठेवते ते एपॉक्सी रेझिन, आणि आकार देतो तो साचा.

या साच्यातच सगळे काम आहे. त्याने आधी लाकूड आणि पुट्टीचा नमुना केला. पाटीची वरची कड चाकाच्या माथ्यावर किंचित ओठासारखी वळवायची होती. कोपरे गोल ठेवले, कारण कापड टोकदार कोपऱ्यात नीट बसत नाही, मागे पोकळी राहते. भिंतींना दोन-तीन अंशांचा उतार दिला, मुदीच्या वाटीसारखा. मग पॉलिश पेपर, अधिकाधिक बारीक. साच्यावरचा एकेक ओरखडा वस्तूवर जसाच्या तसा उमटतो. या नमुन्यावर ग्लास फायबरचा साचा घेतला, त्याला मेणाचे सहा हात दिले आणि वर पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीएचा पातळ थर. मोदकाच्या साच्याला तुपाचा हात लावतात, तसलेच हे.

पहिल्या खेपेला कापड ओठाच्या वळणावर बसेचना. दाबावे तिथे उचलले जाई आणि कडेचे धागे सुटत. आई दारातून पाहत होत्या. ‘‘अरे, सरळ काय कापतोस? उरेब काप,’’ त्या म्हणाल्या. आयुष्यभर घरी शिवणकाम केलेल्या बाईचा तो सल्ला. ताण्या-बाण्याला ४५ अंशांत कापलेले कापड वळणावर पाण्यासारखे बसते, ब्लाउजचे असो की कार्बनचे! वर्तमानपत्राचे बेतणे त्यांनीच काढून दिले. कापण्याआधी रेघेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे धागे सुटत नाहीत, ही युक्ती त्याची. चार थरांपैकी दोन सरळ, दोन उरेब.

दुसरा साचा करायचा आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हते. डाव्या साच्यातून आणखी एक पाटी काढली की झाले, असा त्याचा हिशोब. ‘‘दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवशील!’’ आई हसल्या. उजव्या पाटीसाठी उलटा नमुना, उलटा साचा. आणखी तीन रविवार.

एपॉक्सीच्या बाबतीत घाई चालत नाही. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कधीच नीट सुकत नाही; डब्यावर लिहिलेले प्रमाण काट्यावर तोलूनच घ्यावे लागते. कालवलेले रेझिन खोल पेल्यात ठेवले तर आपल्याच उष्णतेने धुमसू लागते, म्हणून ते उथळ ताटलीत पसरायचे. पावसाळी हवेत वर चिकट, पांढुरका थर येतो; श्रावणात काम बंद. रेझिन लावलेले कापड साच्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून त्याने हवा काढली ती भंगारातल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने. पूर्ण निर्वात साधले तर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. ३० बाय २५ सेंटिमीटरच्या पाटीवर हे साडेसातशे किलो होतात. जुन्या कॉम्प्रेसरने त्याहून थोडे कमी, पण पुरेसे.

हे सारे त्याने गच्चीवर केले, आणि तेच योग्य. हार्डनरशी एकदा अंगाने वैर धरले की ते सहसा जन्मभर टिकते. हातमोज्यांशिवाय त्याला शिवू नये. घासताना उडणारी काळी भुकटी खाज आणते, श्वासात जाते, आणि वीजवाहक असल्यामुळे उपकरणांत शिरली तर तीही बिघडवते. म्हणून पाण्यात भिजवून घासायचे, तोंडावर चांगला मास्क बांधून. घरात लहान मूल असेल आणि गच्ची नसेल, तर हा छंद न धरलेलाच बरा.

दोन्ही पाट्या तयार झाल्या त्या प्रत्येकी १२० ग्रॅमच्या आसपास. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटले आणि घामपाणी लागले की ॲल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर. घरच्या हवेत सुकलेले एपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागते, आणि बडोद्याच्या उन्हात काळी वस्तू तेवढी सहज तापते. त्यासाठी प्लायवूडच्या पेटीत बल्ब लावून, पाट्या साच्यातच ठेवून काही तास शेक दिला. (स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे कधीही करू नये.)

त्या काळ्या, चकचकीत विणीवर मुलगा खूश होता. आईंना रंग पसंत पडला नाही. काळ्यावर साडी उठून दिसत नाही म्हणाल्या, आणि उन्हातही तापते. त्याने कुरकुर करत बाहेरून क्रीम रंग मारला. उन्हाने एपॉक्सी पिवळे पडते, त्यालाही रंगाने आडोसा झाला. वीण आता फक्त आतल्या बाजूने दिसते. तिथे साडीचा काठ टेकतो, फटीत शिरत नाही.