जाहीर करण्याजोगे काही?

आपल्या लोकांना सामान बांधता येत नाही, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मला तो मान्य नाही. ज्या समाजाने वळकटीसारखी वस्तू पिढ्यान् पिढ्या वापरली, गादी, उशी, दोन धोतरे आणि लग्नघरचा आहेर एका सतरंजीत गुंडाळून वर बसायची सोय केली, त्याला बांधाबांध शिकवायला कोणी येऊ नये. आमची अडचण निराळी आहे. आमचे सामान आमचे नसते. नाशिकहून धुळ्याला एस.टी.ने निघालेल्या माणसाजवळ स्वतःच्या कपड्यांची पिशवी एक आणि दुसऱ्यांच्या चार. मावशीसाठी मनुका, भाचीसाठी चिवडा, कोणाचा विसरलेला डबा आणि कोणाचे परत करायचे पातेले. रिकाम्या हाताने आला तो पाहुणा नव्हे, वसुलीला आलेला माणूस, असे आमच्याकडे मानतात.

हे तत्त्वज्ञान धुळ्यापर्यंत ठीक चालते. मेलबर्नला चालत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई आणि मी ऑस्ट्रेलियाला गेलो. धाकटी बहीण मेलबर्नला असते. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगी झाली आणि आईने वयाच्या बहात्तराव्या वर्षी पासपोर्टासाठी फोटो काढून घेतला. माझाही परदेशप्रवास पहिलाच. एम.ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या माणसाला परदेशी बोलावण्याचे कोणाला कारणच पडले नव्हते. तिकिटे काढून झाली, व्हिसा आला, आणि एके दिवशी कॉलेजातून परतलो तो स्वयंपाकघराच्या फरशीवर आईने बाजार मांडलेला. अळीव, डिंक, खारीक, मेथ्या, ओवा, बाळंतशेपा, खोबऱ्याच्या वाट्या, साजूक तुपाची बरणी, जुन्या लुगड्यांची गोधडी, झबली-टोपडी, सहाण; आणि या सगळ्याच्या मध्यभागी, देव्हाऱ्यात मांडावी तशी, बाळगुटीची पितळी डबी.

या डबीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिच्यात वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, ज्येष्ठमध, हिरडा, जायफळ अशी मंडळी असत. प्रत्येक जिन्नस एका बाजूने झिजलेला. त्यातले हळकुंड आणि मुरडशेंग आजीच्या वेळची. माझ्यासाठी ती उगाळली, बहिणीसाठी उगाळली, माझ्या दोन्ही मुलांसाठी उगाळली. सहाणेवर आईच्या दुधात कशाचे किती वळसे द्यायचे हे कुठे लिहिलेले नव्हते. ते आईच्या मनगटात होते. आमच्या घरात ताम्रपट नाही, सनद नाही. जी काही परंपरा आहे ती या डबीत मावत होती.

शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ दोनदा मुलाकडे सिडनीला जाऊन आलेले. त्यांनी अधिकारवाणीने सांगितले, “सर, फॉर्मवर काही म्हणता काही लिहायचं नाही. लिहिलंत की अडकलात. आम्ही अख्खं मेतकूट नेलं, कोण बघतो?” परदेशी जाऊन आलेला माणूस नियम न सांगता नियमातली पळवाट सांगतो, आणि ती सापडेपर्यंतच पळवाट असते हे सांगायला विसरतो. २०१९ साली सिडनीच्या विमानतळावर एका प्रवासी बाईने डुकराचे मांस वगैरे जिन्नस न सांगता आणले, तर तिचा व्हिसा तिथल्या तिथे रद्द करून तिला परत पाठवले होते. बहात्तर वर्षांच्या आईला नात न पाहता सिंगापूरमार्गे माघारी आणणे माझ्याच्याने झाले नसते. मी सरळ ऑस्ट्रेलिया सरकारचे नियम उघडले आणि दोन रात्री जागून वाचून काढले.

त्या नियमांचा थोडक्यात मासला असा. दुधाचे पदार्थ आपल्याकडून चालत नाहीत; कारण जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे तो १८७२ नंतर झालेला नाही. म्हणजे पेढे, बर्फी बाद. तांदूळ, हरभरा, तूर, जिरे, धने, सुकी मिरची हे प्रवाशाने आपल्या सामानातून न्यायचेच नाही. कारण खपरा नावाचा किडा. या किड्याला इंग्रजीतही खपराच म्हणतात. योग, गुरू, कर्म यांच्या बरोबरीने आपण जगाला हाही एक शब्द दिला, याचा अभिमान बाळगावा की नाही ते मला अजून ठरवता आलेले नाही. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत अन्नावाचून फार काळ तग धरते आणि एकदा कोठारात शिरली की निघता निघत नाही. बियाणे, मुळ्या, लाकडी वस्तू, पारंपरिक औषधे ही सगळी दाखवल्याशिवाय आत नाहीत. चपलेला लागलेली शेतातली मातीसुद्धा दाखवायची.

“एवढं भ्यायला काय झालं त्यांना?” आई म्हणाली.

प्रश्न रास्त होता. तेव्हा मी तिला सशांची गोष्ट सांगितली. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून चोवीस ससे मागवून व्हिक्टोरियात आपल्या मळ्यात सोडले. पुढे त्या सशांनी खंडभर कुरणे फस्त केली. फड्या निवडुंग कोणी हौसेने नेला, त्याने क्वीन्सलँडात लाखो एकर जमीन व्यापली; शेवटी १९२६ पासून त्याला खाणारा एक पतंग सोडला तेव्हा कुठे तो हटला. आईला ससे काही पटेनात. मग मी गाजरगवताचे नाव काढले. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आले. परदेशी गव्हाबरोबर आले असे लोक सांगतात. आईच्या माहेरच्या शेतात ते तिच्या डोळ्यांदेखत पसरले, आणि मामाच्या हातांना त्याने खाज सुटून कातडी गेली. ती काही वेळ गप्प राहिली. मग उठून तिने अळीव, मेथ्या आणि बाळंतशेपा डब्यांत परत भरले. तूपही फडताळात गेले.

खोबऱ्याच्या वाट्यांचे भांडण ऑस्ट्रेलियाशी नव्हते, आपल्याच देशाशी होते. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेते, म्हणून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते ठेवू देत नाहीत. सत्यनारायणाच्या प्रसादात वाटतो त्या वस्तूला विमानवाले स्फोटकांच्या पंगतीला बसवतात हे ऐकून आई हसली. शेवटी हळद, सुंठपूड आणि कोकम यांची कारखान्यात बंद केलेली पाकिटे, लिंबाचे लोणचे, गोधडी, झबली, सहाण एवढे उरले. आणि डबी. डबीला मी हात लावला नाही. “ती मी विचारून नेणार आहे,” आई म्हणाली. “नाही म्हणाले तर नाही.”

बांधाबांधीचे वर्णन करीत नाही. तिकिटावर माणशी तीस किलो होते. बत्तीस किलोंच्या वरची एक बॅग हमालाने उचलू नये असा बहुतेक विमानतळांचा दंडक आहे. आम्ही बॅग कवटाळून वजनकाट्यावर उभे राहायचे आणि मग आपले वजन वजा करायचे अशी पद्धत स्वीकारली. तीत बॅगेपेक्षा माझेच वजन अधिक चर्चिले गेले. चार्जिंगची बॅटरी जवळच्या पिशवीत, कात्री-सुया मोठ्या बॅगेत, बाटली शंभर मिलिलिटरच्या आत, हे सगळे हिने एका कागदावर लिहून दिले होते. मुलांच्या परीक्षांमुळे ती येऊ शकली नाही. नाहीतर हा लेख अधिक शिस्तीचा झाला असता.

सहारला एक काम मात्र मी आवर्जून केले. आईच्या हातात चार सोन्याच्या बांगड्या होत्या. परत येताना त्या परदेशात घेतल्या असे कोणाला वाटू नये, म्हणून निघण्यापूर्वी कस्टम्सला दाखवून तसा दाखला घेता येतो. अधिकारी जागेवर नव्हते. कोणी म्हणाले चहाला गेले, कोणी म्हणाले येतील. आले. त्यांनी बांगड्या तपासल्या, वर्णन लिहिले, शिक्का मारला. आईने तो कागद घडी करून बटव्यात ठेवला. पुढे सबंध प्रवासात ती पासपोर्टापेक्षा त्यालाच अधिक जपत होती.

सिंगापूरहून निघालेल्या विमानात तो प्रसिद्ध फॉर्म हातात आला. एकेक प्रश्न मी मराठीत करून सांगू लागलो. मांस, मासे, दूध, फळे? कोकम आणि लोणचे धरून ‘होय’. बिया, मुळ्या, पारंपरिक औषधे, लाकडी वस्तू? ‘होय’. गेल्या तीस दिवसांत शेतावर, गुरांजवळ गेला होता काय? आई म्हणाली, “रामनवमीनंतर माहेरी गेले होते की. गोठ्यात वासरू झालं होतं.” मी ‘होय’ लिहिले. पलीकडच्या आसनावरील तरुणाने सगळीकडे ‘नाही’वर फुल्या मारल्या होत्या. तो आमच्याकडे करुणेने पाहू लागला.

मेलबर्नच्या विमानतळावर बॅगा घेतल्या तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते. एक लॅब्रॅडोर कुत्रा सामानाच्या कडेकडेने हुंगत चालला होता. सोवळ्यातल्या बाईने पाहावे तसे आईने त्याच्याकडे पाहिले, पण बॅग पुढे केली. आमच्या फॉर्मवर खूण पडली आणि आम्ही तपासणीच्या रांगेत उभे राहिलो.

तपासणारा माणूस साठीकडे झुकलेला होता. हातात निळे मोजे. त्याने आधी चपला पाहिल्या; आईने त्या नाशिकलाच ब्रशाने घासल्या होत्या. हळद, सुंठ, कोकम आणि लोणचे यांची लेबले वाचून बाजूला ठेवली. गोधडी उलगडली, शिवणीवरून बोट फिरवले, आणि हे हाताचे टाके आहेत काय असे विचारले. सहाण उजेडात धरून मातीचा कण नाही याची खात्री केली. मग डबी उघडली.

वेखंडाचा वास त्या स्वच्छ, गंधहीन दिवाणखान्यात एकदम पसरला. तो दचकलाच. हे काय आहे, असे त्याने विचारले. मी सांगू लागलो आणि लक्षात आले की ‘वळसा’ या शब्दाला माझ्याजवळ इंग्रजी नाही. आईने माझ्या हातून हळकुंड घेतले आणि सहाणेवर तीन वळसे काढून दाखवले, कोरडेच. त्याने मान डोलावली. डबी घेऊन तो आत गेला. दहा मिनिटे लागली असतील. मी तेवढ्या वेळात भिंतीवरच्या सगळ्या सूचना दोनदा वाचल्या.

परत आल्यावर त्याने शांतपणे सांगितले: हे आत जाऊ देता येत नाही. आपण खरे सांगितलेत, म्हणून दंड वगैरे काही नाही. तीन मार्ग आहेत. आपल्या खर्चाने परत पाठवा. आपल्या खर्चाने यावर किरणांची प्रक्रिया करून घ्या. नाहीतर आम्ही नष्ट करू.

मी आईला समजावले. “किरण मारलेलं बाळाच्या पोटात नको,” ती म्हणाली. परत पाठवायचा खर्च ऐकून तिने मान हलवली. थोडा वेळ तिघेही उभे राहिलो. मागची रांग वाढत होती. त्या माणसाने मात्र घाई केली नाही.

“मी माझ्या हातानं टाकले तर चालेल का, विचार.”

मी विचारले. त्याने झाकणाचे पिंप पुढे ओढून दिले. आईने एकेक जिन्नस उचलला. कपाळाला लावला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. भाजी निवडताना देठ टाकावेत तसे टाकले. हळकुंड तेवढे शेवटी टाकले. रिकामी डबी त्याने पुसून तिच्या हातात दिली.

बहिणीला मी हे सारे त्याच रात्री सांगितले. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. चौथ्या दिवशी सरकारची माता-बाल आरोग्य परिचारिका घरी आली. मुलीला तोलले, मापले, आणि जाताना सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही, अगदी पाणीसुद्धा, द्यायचे नाही असे सांगून गेली. आपल्याकडचे डॉक्टरही आता हेच सांगतात. बहिणीने ते आधीच ठरवले होते. आईला कसे सांगावे या विचाराने ती महिनाभर झुरत होती. आई सगळे ऐकत पाळण्याशी बसली होती. “म्हणजे डबी आली असती तर आपलं भांडण झालं असतं,” एवढेच ती म्हणाली. ते रागाने की समाधानाने, हे मला तिच्या आवाजावरून कळले नाही. बहिणीलाही कळले नसावे, कारण ती उठून चहा करायला गेली.

पुढच्या रविवारी आम्ही डँडेनाँगला गेलो. तिथल्या फॉस्टर स्ट्रीटवर आपल्या लोकांची दुकाने आहेत. अळीव, डिंक, तूप, सगळे मांडलेले. रीतसर कागदपत्रे करून बोटीने आलेले. आईने हळकुंडांचे एक पाकीट उचलले. बाहेरून उलटून पाहते तो खाली छापलेले गाव सांगली. ते तिने घेतले. त्या संध्याकाळी सहाणेवर हळद उगाळून तिने बाळाच्या नव्हे, बाळंतिणीच्या तोंडाला लावली. डिंकाचे लाडू तर तिने त्याच ओट्यावर वळले. गॅस मात्र भलताच मंद आहे अशी तिची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

सहाण आणि डबी तिथेच ठेवून आम्ही जूनच्या मध्याला परतलो. आईच्या बॅगेचे वजन अकरा किलो भरले. मुंबईला सामान घेऊन मी हिरव्या मार्गाने निघालो. मागे वळून पाहतो तो आई लाल मार्गाच्या टेबलापाशी उभी.

“आजी, काही आणलंय का?” तिथल्या तरुण अधिकाऱ्याने विचारले.

“आणलं काही नाही. नेलेलं परत आणलंय,” आई म्हणाली आणि बटव्यातून तो दाखला काढला.

“मग हिरव्यातून जा की. कोणी विचारत नाही.”

“नसेल विचारत. तासभर उभं राहून घेतलाय. बघून घ्या.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. मग त्याने चष्मा लावला, दाखला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि बोटाने बांगड्या मोजल्या. चार होत्या.