अंगठ्याच्या मापाचं रीळ

चिपळूणला वडील वाशिष्ठीत गरी टाकायचे, तेव्हा रीळ नावाची वस्तू आमच्या घरात नव्हती. लाकडाच्या ढलपीला तंगूस गुंडाळलेला असे, आणि मासा ओढू लागला की तो वडिलांच्या बोटांतून सरसर सुटे. किती सोडायचा आणि कुठे धरायचा, ते बोटांनाच ठाऊक. हे सगळं मला पुन्हा शिकवलं ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, एव्हरेटजवळच्या आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शेजाऱ्यानं. तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारायचे. मनात मात्र ते काकाच होते.

ओळख झाली ती माशाच्या डोक्यावरून. काका सामन साफ करून डोकी टाकून देत होते. मी कुंपणावरून म्हटलं, मला द्याल का, कालवण करीन. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाटीभर कालवण नेऊन दिलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते मला स्कायकोमिश नदीवर घेऊन गेले. (आई फोनवर विचारायची, “सामन म्हणजे आपला रावसच ना?” रावसाला इंग्रजीत भारतीय सामन म्हणतात खरं, पण दोघांचं काही नातं नाही. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.)

काकांनी मला गाबोळी टाकणखारात मुरवायला शिकवलं, तळाशी शिसं ठकठकत वाहू द्यायला शिकवलं. रीळ मात्र मी माझ्या मनानं विकत घेतलं. हलकं, तळहातात मावणारं, 100 आकाराचं. तळ्यातल्या बास माशासाठी ते उत्तम असतं. त्यावर बारीक विणलेला दोरा जेमतेम शंभर मीटर बसला, आणि मला तो पुष्कळ वाटला.

तिसऱ्या जूनमध्ये त्या दोऱ्याला किंग लागला. किंग म्हणजे चिनूक, सामनांतला सर्वांत मोठा. तो सरळ प्रवाहाबरोबर खालच्या खळाळाकडे निघाला. स्पूल आधी गरम झाला, मग बारीक होत गेला, मग तळाचा धातू दिसला, गाठ दिसली. आणि आवाज थांबला. सगळा दोरा घेऊन तो मासा गेला. आकडा बिनकाट्याचा होता, बहुधा गळून पडला असेल. पण शंभर मीटर दोरा मागे ओढत पोहणारा तो जीव माझ्या डोळ्यांपुढून कित्येक रात्री हलला नाही. या खोऱ्यांतला चिनूक 1999 पासून संकटग्रस्त म्हणून कायद्यानं राखलेला आहे. अशा नदीत अपुरं साधन घेऊन उभं राहणं हा अपराध आहे, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

काका रागावले नाहीत. मी उभी होते तिथपासून खळाळाच्या तोंडापर्यंत ते पावलं मोजत गेले. 115 पावलं, म्हणजे साधारण 85 मीटर. पुढे खडकाचा कडा, काठानं जायला वाट नाही. “तुझी फेक तीस मीटर,” परत येऊन ते म्हणाले, “म्हणजे तुझं रीळ या जागेसाठी आधीच रिकामं होतं. रीळ दुकानात मोजायचं नसतं, इथे मोजायचं.” मग त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली. दोरा सुटत जातो तसा स्पूलवरच्या वेटोळ्याचा व्यास घटतो, आणि व्यास अर्धा झाला की तोच ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सोडवायला दुप्पट ओढ लागते. लहान रीळ संपत येतं ते असं आवळत आवळत. माझी गाठ तुटली ती त्या आवळण्यानं.

घाबरून मी 400 आकाराचं रीळ घ्यायला निघाले. काकांनी त्यांचं एक तसलं रीळ माझ्या हातात ठेवलं. माझी मूठ त्याभोवती पुरत नव्हती, अंगठा स्पूलवर नीट टेकत नव्हता. बेटकास्टिंग रिळात फेकताना अंगठाच लगाम असतो. तो सुटला की स्पूल दोऱ्यापेक्षा वेगानं फिरतो आणि क्षणात गुंता होतो. शिवाय मोठा जड स्पूल हलक्या आमिषानं फिरायला लागतच नाही. “हे कोलंबिया नदीवर होडीतून जड शिसं ओढायला,” ते म्हणाले. स्वतः ते गोल, स्वीडिश अँबॅसेडर वापरायचे, 6500. स्वेंगस्टा गावात 1921 मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीचं ते रीळ. टॅक्सीचे मीटर बनवणाऱ्या त्या लोकांनी पुढे रिळं बनवली, आणि गावाशेजारून वाहणाऱ्या मोरुम नदीत सामन होतेच. काका ते रीळ रुमालात गुंडाळून ठेवायचे.

मला त्यांनी दिलं ते बुटकं, 301. या आकड्यांचा अर्थ मीटर नव्हे, आणि एका कंपनीचं 200 दुसरीच्या 200 एवढं असेलच असंही नाही. त्या रिळाच्या कंपनीत शेवटचा 1 म्हणजे डाव्या हाताची मूठ. 14 पौंडी तंगूस 200 वर शंभरेक मीटर बसतो, 300 वर पावणेदोनशेच्या आसपास. सप्टेंबरातल्या कोहो सामनला, तरंग्याखालच्या हलक्या आमिषाला 200 पुरतं. काठावरून किंगसाठी 300. विणलेला दोरा गुळगुळीत स्पूलवर घसरतो, म्हणून तळाला आधी थोडा तंगूस गुंडाळून त्यांनी स्वतः गाठ मारली. मग ताणकाटा लावून ड्रॅग अडीच-तीन किलोवर बसवला, कारण टोकाचा दोरा 20 पौंडाचा, म्हणजे नऊ किलोचा, आणि त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या पुढे जायचं नाही.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी पाकीट त्यांच्या दारात ठेवून आले, तर ते माझ्या पत्रपेटीत परत आलं. त्यांनी माझ्याकडून फक्त कालवण घेतलं, आणि ते तिखट लागतं म्हणून बरोबर पाव.

काका जाऊन सहा वर्षं झाली. वरचा दोरा मी चारदा बदलला, तळाचा तंगूस बदलला नाही.

गेल्या जूनमध्ये त्याच जागी एक किंग खाली धावला. हिरवा दोरा सरला आणि खालून काकांचा तंगूस डोकावला, जुना, पिवळट. मी अंगठा टेकवला. मासा खळाळाच्या तोंडाशी थांबला आणि वळला. जवळ आणला तेव्हा पाठीवरचा शेपटीजवळचा लहान पर शाबूत दिसला. म्हणजे नदीतलाच जन्म, पैदास केंद्रातला नव्हे; तिथले मासे तो पर कापून सोडतात. पाण्याबाहेर न उचलता आकडा काढला. तो गेल्यावर काठावर बसून सैल पडलेला दोरा पुन्हा घट्ट गुंडाळत राहिले, गाठ झाकली जाईपर्यंत.