काठ दुप्पट, पोट चौपट

नातवाची गोधडी तीन फूट बाय तीन फूट. एका जुन्या साडीत झाली. मागच्या गल्लीतल्या मावशींनी शिवली होती. मग लेकीसाठी मोठी हवी झाली, सहा बाय सहा. मी सासूबाईंच्या दोन इरकली साड्या काढून ठेवल्या. मावशी म्हणाल्या, ‘‘अक्का, चार लागतील.’’

‘‘दुप्पट मापाला चार कशाला? वरच्या दोन कुठं जाणार?’’ मी बोलून गेले. बी.ए. झालेय, पण जिभेला लगाम नाही!

मावशी काही बोलल्या नाहीत. खडूनं आमच्या फरशीवर सहा फुटी चौकोन आखला आणि नातवाची गोधडी त्यात एका कोपऱ्यात मांडली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, चौथ्या. ‘‘भोवतीचा गोट बारा फुटांचा चोवीस, दुप्पटच की. पण पोट चौपट भरायचं.’’ नऊ चौरस फुटांचे छत्तीस माझ्या डोळ्यांदेखत झाले.

मंडळात मीच ऐटीत सांगते, नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळी आपल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, त्यात क्षेत्रगणितसुद्धा आहे. आणि इथं शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईवर मी चोरीचा आळ घेत होते, तोही नुसता काठ मोजून.

आत जाऊन ट्रंक उघडली. सासूबाईंच्या आणखी दोन साड्या आणल्या. ‘‘चुकलं माझं, मावशी.’’

त्यांनी कापड हातानं चाचपलं.

‘‘चार दिल्या म्हणून लिहून ठेवा, अक्का,’’ त्या म्हणाल्या.